पंचवीस जोड्यांची बोट

भोंग्याची कळ दाबून झाली होती आणि भोंगा वाजला नव्हता. त्यानंतर बोटीवर जी शांतता उतरली ती साधी नव्हती. तिला वजन होते, आणि ते सगळे वजन बंदर कार्यालयाच्या तपासनीसाने तक्त्यावर नुसतेच टेकवून ठेवलेल्या पेनच्या टोकावर येऊन थांबले होते. खाडीचे पाणी बोटीच्या कुशीवर हलक्या थापट्या मारत होते; परक्या माणसाने सांत्वन करावे तशा, म्हणजे देणाऱ्यालाही अवघड आणि घेणाऱ्यालाही.

सुकाणूपाशी उभ्या असलेल्या थोरल्याने कळ पुन्हा दाबली. बोटीच्या पोटात कुठेतरी ‘टक्’ असा आवाज झाला आणि भर दुपारी, लख्ख उन्हात, छपरावरचा नांगराचा दिवा लागला. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा काचेवरचा वायपर अर्ध्यापर्यंत आला, नकार देणाऱ्या बोटासारखा, आणि तिथेच थांबला.

“काहीतरी लागतंय हे काय थोडं झालं?” शेजारच्या बोटीवरून कप्तान म्हणाला. “अगदीच मेलेली नाही.”

कप्तान म्हणजे निवृत्त भूगोल-शिक्षक. स्वतःची बोट त्याने धक्क्यापासून दुसऱ्या तरंगत्या पिंपापलीकडे कधी नेली नव्हती, पण टोपी घालून तो जगातल्या सर्व समुद्रांविषयी सल्ला देत असे. म्हणून कप्तान.

“प्रश्न एवढाच आहे, की भोंगा वाजतो का,” तपासनीस म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या आवाजात खेदही होता. “हो किंवा नाही. ‘दिवा लागतो’ असं लिहायला इथे जागा नाही.”

“आणखी एकदा बघू या का?” थोरल्याने विचारले.

“नको साहेब. पुढच्या वेळी इंजिन सुरू व्हायचं, आणि मी अजून बोटीवरच.” त्याने ‘नाही’वर खूण केली. “पंधरा दिवस देतो. त्यानंतर माझ्या हातात काही नाही.”

त्यानंतर काय होते हे थोरल्याला ठाऊक होते. नापास बोटीची नोंदणी रद्द होते. नोंदणी नसलेली बोट धक्क्याला ठेवता येत नाही. मग तिला क्रेनने उचलून कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेत नेतात, आणि तिथे दोन माणसे अर्ध्या दिवसात करवतीने तिचे तुकडे करतात. त्याने हे एकदा पाहिले होते. शेवटी उरलेल्या तुकड्याला सुकाणू तसेच चिकटलेले होते, अजून कुठेतरी वळायचे राहिल्यासारखे.

ही बोट बाबांची. बाबा टेलिफोन खात्यात केबल जोडणारे होते. रस्त्याखालच्या खड्ड्यांत बसून त्यांनी आयुष्यभर अनोळखी माणसांची बोलणी एकमेकांना जोडून दिली, आणि रविवारी वर उजेडात येऊन ही जुनी मोटारबोट जोडली. तिच्यातली वीज त्यांनी त्यांना येत होती त्याच पद्धतीने खेळवली होती. सुकाणूपाशी पंचवीस कळा. तिथून बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत पंचवीस जोड्यांची एक जाड टेलिफोन केबल. त्या टोकाला फळीखाली एक डबा, आणि डब्यात पंचवीस रिले. कळ दाबली की तारांच्या बारीक जोडीतून इशारा जाई, रिले टक् करी, आणि मग जाड तारेतून पंपाला किंवा दिव्याला वीज सुटे. डब्यात पाणी शिरू नये म्हणून बाबांनी तो डांबर ओतून कायमचा बुजवला होता. बाबांना गेल्याला चौदा महिने झाले होते. कोणती जोडी कशासाठी याची त्यांची एक वही होती, आणि बाकीचे त्यांच्याबरोबर गेले होते.

आता हे सगळे बिघडले कसे? हे सांगताना थोरल्याची बाजू घेणे अवघड आहे, पण प्रयत्न करायला हवा.

थोरला एका महाविद्यालयात अभिलेख विभागाचा प्रमुख होता. बत्तीस वर्षांत त्याच्या दालनातून एक कागद पोच घेतल्याशिवाय बाहेर गेला नव्हता. प्राचार्यांनाही स्वतःचाच जन्मदाखला पाहायला सही करावी लागे. जगातली निम्मी दुःखे वस्तू जागच्या जागी नसल्यामुळे होतात अशी त्याची श्रद्धा होती, आणि उरलेल्या निम्म्या दुःखांविषयी त्याने अजून विचार केलेला नव्हता. अशा माणसाने महिन्यापूर्वी, तपासणीआधी जरा स्वच्छता करावी म्हणून, कळांच्या पाटीमागची झडप उघडली. आत त्याला दिसली ती त्याच्या लेखी निव्वळ अनागोंदी. पन्नास तारा, रंग दहा, आणि कुठलीही तार कुठल्याही तारेला पिळलेली. लालला तपकिरी, पांढऱ्याला निळी, काळ्याला हिरवी. टोकांवर हिरवट गंज.

त्याने दोन रविवार खर्ची घातले. प्रत्येक पीळ सोडवला, तारा सरळ केल्या, टोके घासली. मग सगळ्या लाल एकत्र, सगळ्या पांढऱ्या एकत्र, असे दहा गठ्ठे बांधून प्रत्येकाला सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली आणि तारा रंगवार पुन्हा बसवल्या. लांबून पाहिले तर डोळे निवत होते.

पीळ हा बाबांचा गबाळेपणा नव्हता. कोणती तार कोणाची, हे सांगणारी ती एकुलती एक खूण होती. थोरल्याने पंचवीस संसार मोडले होते आणि त्यांचे रंगवार वसतिगृह केले होते.

तपासनीस गेल्यावर धक्क्यावर सल्ल्यांना भरती आली.

“सगळं उपटून टाका,” कप्तान म्हणाला. “नवी तार, नवी पाटी. माझ्या बोटीत मी तेच केलं.”

“तुमची बोट चालते का?”

“चालवायची गरजच पडत नाही, इतकं काम चोख झालंय.”

फेरतपासणीचा अर्ज द्यायला थोरला बंदर कार्यालयात गेला. अर्जासोबत विद्युत आराखड्याच्या तीन प्रती हव्या होत्या. हे वाचून त्याला कित्येक दिवसांनी बरे वाटले. कागदाच्या प्रदेशात तो स्वदेशी होता. तीन संध्याकाळी बसून त्याने दहा शाईंत एक आराखडा काढला. त्यात तारा नदीच्या मुखासारख्या हळुवार फाकत जात आणि पंचवीस वर्तुळांत विसावत. कोणती तार कुठे जाते हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून त्याने ती जिथे शोभेल तिथे नेली होती.

खिडकीमागच्या कारकुनाने आराखडा उजेडात धरला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दाखवला. “वीस वर्षांत असं काम पाहिलं नाही,” तो म्हणाला, आणि लगेच चष्मा पुसत दुरुस्ती केली, “एकवीस. मंजूर करतो.”

“म्हणजे बोट पास?”

“आराखडा पास. बोट वेगळ्या खिडकीत.” मग त्याने अर्ज पाहिला. “बोटीचं नाव रिकामं सोडलंय.”

बोटीच्या अंगावरचे नाव ऊन-पाण्याने केव्हाच पुसले गेले होते. अक्षरे गेली होती. मागच्या कोपऱ्यात फक्त एक वेलांटी उरली होती. जुन्या नोंदीचे पान वाळवीने खाल्ले होते. थोरल्याने हे सर्व प्रामाणिकपणे सांगितले.

“जे दिसतं ते लिहायचं असा नियम आहे,” कारकून म्हणाला आणि त्याने लिहिले: बोटीचे नाव, वेलांटी.

अशा रीतीने बोटीला नाव मिळाले, आराखडा मिळाला, आणि चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी थोरल्याने जोडारीकाकांना गाठले. ते बाबांचे खात्यातले जुने सोबती. दोघांनी वीस वर्षे एकाच खड्ड्यात काढली होती. काका गुडघे धरत बोटीवर आले, झडप उघडली, आणि रंगवार लावलेल्या, चिठ्ठ्या डकवलेल्या गठ्ठ्यांकडे बराच वेळ पाहत राहिले.

“हे कोणी केलं?”

“जरा व्यवस्थित लावलं.”

“तुझा बाप हे बघायला नाही, बरं झालं,” काका म्हणाले. त्यात राग नव्हता, त्यामुळे ते अधिक लागले. मग त्यांनी पिशवीतून सुरी काढून केबलचे कातडे हातभर मागे सोलले. आत, जिथवर थोरल्याचा हात पोचला नव्हता तिथे, जोड्या अजून शाबूत होत्या. एकमेकींना घट्ट पिळून बसलेल्या, काही न कळलेल्या.

“हे बघ, जोड्या मिळाल्या. आता कुठल्या नंबरची कुठली, एवढंच. वही काढ.”

वहीत बाबांचे टपोरे अक्षर होते. एक, केबिनचा दिवा. दोन, पंखा. तीन, रेडिओ. असे पंचवीसपर्यंत. रंगांचा कुठे उल्लेख नाही, कारण केबल जोडणाऱ्याला नंबर सांगितला की रंग पाठच असतात. एका बाजूचे पाच रंग, दुसऱ्या बाजूचे पाच. पहिल्या बाजूचा पहिला रंग दुसऱ्या बाजूच्या पाचही रंगांशी क्रमाने जोडायचा, म्हणजे एक ते पाच. मग दुसरा, म्हणजे सहा ते दहा.

“बाबा पहिला लाल म्हणायचे,” थोरला म्हणाला. “लाल, पांढरा, पिवळा, काळा, जांभळा. लहानपणी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं.”

“लहान पोरांना काहीही सांगतात. खात्यात पांढरा पहिला आणि समोर निळा. छापील आहे.”

छापील म्हटल्यावर थोरल्याने स्वतःची आठवण मागे घेतली.

काकांनी खात्याच्या क्रमाने पहिल्या तीन जोड्या बसवल्या. पांढरी-निळी, म्हणजे एक, केबिनचा दिवा. थोरल्याने कळ दाबली आणि भोंगा वाजला.

वाजला तो थांबेना. रिले चिकटला होता. पाच दिवसांपूर्वी ज्या आवाजासाठी थोरल्याने काय वाटेल ते दिले असते तो आवाज आता खाडीच्या दोन्ही काठांवरून परत येऊन त्याच्या कानांवर आदळत होता. धक्क्यावरची माणसे बोटींतून बाहेर आली. बॅटरी तोडायला हवी होती, पण चोरीच्या भीतीने थोरल्याने तिच्या पेटीला आकड्यांचे कुलूप लावले होते, आणि आकडा त्या आवाजात आठवेना. त्याने लग्नाची तारीख लावून पाहिली. निवृत्तीची लावून पाहिली. धक्क्यावरून बायको हातवारे करून काहीतरी सांगत होती. ते ‘शून्य शून्य शून्य’ असे होते हे त्याला अकरा मिनिटांनी कळले. त्याने आकडा कधी लावलाच नव्हता. बॅटरी सुटली तसा चिकटलेला रिलेही सुटला.

“भोंगा आहे हो तुमच्याकडे,” कप्तान कानावरचे हात काढत म्हणाला. “मी उगाच शंका घेतली.”

दुसरी जोडी पंख्याची. कळ दाबताच पुढच्या टोकाकडून खळखळ असा लांबलचक आवाज आला आणि नांगर तळाला गेला. तो जाताना कप्तानाच्या बोटीची दोरी घेऊन गेला. कप्तानाची बोट कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, कप्तानाशिवाय, प्रवासाला निघाली.

तिसरी रेडिओची. तिसरी दाबू नये असे दोघांनाही वाटत होते, पण दोघेही आपापल्या पद्धतीचे अभिमानी होते. थोरल्याने दाबली. इंजिनाच्या खोलीतून आधी एक उसासा आला, आणि मग आग विझवायची पांढरी पूड एवढ्या जोराने बाहेर आली की क्षणभर त्या बोटीवर जग उरले नाही. धुरळा खाली बसल्यावर दिसले ते दोन पुतळे. त्यांतला म्हातारा पुतळा भुवया झाडत म्हणाला, “तुझ्या बापानं खात्याचा क्रम पाळलेला नाही. वीस वर्षं माझ्या शेजारी बसून.” त्याला फसवणूक झाल्यासारखे वाटले असावे. पिशवी उचलून तो निघून गेला.

त्या संध्याकाळी थोरला वही घेऊन खिडकीशी बसला. बाहेर पाण्यावर उजेड विझत चालला होता, सावकाश, काटकसरीने. त्याने पेन्सिलीने काही लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. केसांत पूड तशीच होती.

“भाऊजींना विचारा,” बायको म्हणाली.

“त्याला काय माहीत असणार?”

“तुम्हाला पाच रंग पाठ आहेत, दुसरे पाच कोणाला पाठ असणार? मला?”

थोरल्याने वहीचे पान उलटले. तिने टॉवेल आणून त्याच्या मांडीवर टाकला.

“एक कागद तुम्ही पुढे केलात आणि चौदा महिने घराला कुलूप लागलं,” ती म्हणाली. “आता दुसरा कागद शोधत बसलाय.”

तो कागद असा होता. बाबांची शेवटची तीन वर्षे धाकट्याच्या घरी गेली. त्यांना उठवणे, बसवणे, रात्रीचे औषध, जागरण, सगळे धाकट्याने केले. थोरला रविवारी येई, खुर्चीवर बसे, आणि निघताना घड्याळ पाही. बाबा गेल्यावर सामानाची वाटणी झाली. धाकट्याने फक्त हत्यारांची पेटी मागितली. थोरल्याने ती दिली, आणि सगळ्या नातेवाइकांसमोर, बत्तीस वर्षांच्या सवयीने, खिशातून कागद काढून त्याच्यापुढे धरला. ‘बाबांची हत्यारपेटी मिळाली.’ खाली सहीसाठी रेघ. धाकट्याने कागदाकडे पाहिले, थोरल्याकडे पाहिले, सही केली, पेटी उचलली. त्यानंतर दोघांत एक शब्द झाला नव्हता. थोरल्याच्या मनात वाईट काहीच नव्हते. हेच त्याला कोणापुढे सिद्ध करता येत नव्हते, आणि हल्ली स्वतःपुढेही येईनासे झाले होते.

दुसऱ्या दिवशी तो धाकट्याच्या दुकानात गेला. धाकटा वजनकाटे दुरुस्त करी. अरुंद खोली, तिन्ही भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर काटे: दुकानांतले, दवाखान्यांतले, तान्ह्या मुलांना ठेवायचे. काहींत काहीच ठेवलेले नव्हते तरी ते थोडेसे काही दाखवत होते. धाकटा पाठमोरा बसून एका काट्याचा स्क्रू पिळत होता. त्याची मान बाबांसारखी झाली होती. हे कधी झाले ते थोरल्याला कळले नव्हते.

त्याने वही समोरच्या काट्यावर ठेवली.

“एकशे चाळीस ग्रॅम,” धाकटा न वळता म्हणाला.

“बाबांची वही आहे.”

“दिसतंय.”

“बोट तोडणार आहेत. नऊ दिवस उरलेत.” थोरल्याने वही काट्यावर सरळ केली. “तुझे पाच रंग हवे होते.”

धाकटा वळला. “अर्ज लेखी आणलायस दादा, की तोंडीच?”

थोरल्याचा हात खिशाकडे गेला होता, तो त्याने मधेच थांबवला. रस्त्यावरून एक गाडी गेली तशी काट्यांचे सगळे काटे किंचित थरथरले आणि पुन्हा आपापल्या चुकीच्या जागी येऊन थांबले.

“खात्याच्या क्रमाने केलं,” थोरला म्हणाला. “आग विझवायची पूड उडाली. जोडारीकाकांच्या भुवया अजून पांढऱ्याच आहेत.”

धाकट्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. लगेच त्याने तो जागेवर आणला. “खात्याचा क्रम नव्हताच तो. आपण पुढे बसायला भांडायचो म्हणून बाबांनी रंग वाटून दिले. पाच तुला, पाच मला. क्रम ज्याचा त्यानं ठरवायचा. म्हणाले, आता एकट्याला बोटीतलं काही लावताच येणार नाही, बसा एकत्र.”

“मला वाटायचं, लाल पहिला हा नियम आहे.”

“तुला सगळ्याच गोष्टी नियम वाटायच्या. लाल तुला आवडायचा, एवढंच.”

“तुझा पहिला कुठला?”

धाकट्याने वही काट्यावरून उचलून त्याच्या हातात दिली. काटा शून्यावर आला. “शनिवारी येईन. पेटी घेऊन येईन. माझ्या सहीनं घेतलेली आहे, हरवलेली नाही.”

शनिवारी तो आला. वहिनीशी चार शब्द बोलला, कप्तानाला हात केला, आणि थोरल्याकडे न पाहता सुकाणूखाली बसून केबलमध्ये हात घातला. पेटी उघडल्यावर तिच्यातून तेलाचा, मेणाचा आणि बाबांच्या खाकी सदऱ्याचा वास आला. थोरला पाठीमागे वही घेऊन बसला. पाठीला पाठ लागेल इतकीच जागा होती.

“एक,” थोरला म्हणाला. “लाल.”

“करडा.”

“करडा पहिला?”

“हो.”

“का?”

“त्याला कोणी घेत नव्हतं,” धाकटा म्हणाला. “पुढे वाच.”

“दोन. लाल.”

“तपकिरी.”

मग हिरवा, नारंगी, निळा. आणि पांढऱ्यापासून पुन्हा करडा. थोरला एक रंग म्हणे, धाकटा दुसरा, आणि जोडी आपल्या स्क्रूखाली जाऊन बसे. हळूहळू दोघांच्या आवाजांना एक लय आली. जुन्या रविवारांची ती लय होती. फक्त आवाज आता घोगरे झाले होते, आणि मधोमध बसणारे माणूस नव्हते. पाण्यावर ढगांचे करडे सावट पसरले होते. बायकोने धक्क्यावरून दोन कप आत सरकवले आणि ती मागे झाली.

पंचवीस झाल्यावर धाकट्याने खुणा करायला वही मागून घेतली. पाने उलटता उलटता शेवटच्या पानाशी थांबला. तिथे थोरल्याच्या पेन्सिलीचा एक तक्ता होता, पूड उडाली त्या संध्याकाळच्या तारखेचा. आडवे पाच रंग, उभे पाच रंग, आणि चौकटींत आकडे.

“हे काय आहे?”

“असंच. टिपण.”

धाकटा वाचत होता. “भोंगा दहा, नांगर नऊ, पूड आठ. तिन्ही वेळा पांढरा होता. म्हणजे निळा पाचवा, नारंगी चौथा, हिरवा तिसरा. तुझे पाच तुला येतच होते.” त्याने मान वर केली. “तुला त्याच दिवशी सगळं कळलं होतं.”

“सगळं नाही. करडा आधी, की तपकिरी, ते कळत नव्हतं.”

“एक कळ दाबून बघितली असतीस तर कळलं असतं. लाल-करडा. एक तर दिवा लागला असता, नाहीतर पंखा फिरला असता.”

“धोका होता.”

“पंख्याचा?”

थोरल्याने कप उचलला. तो रिकामा होता, तरी त्याने एक घोट घेतला.

फेरतपासणी सोमवारी झाली. तपासनीस आपणहून धक्क्यावरच थांबला आणि तिथूनच एकेक नाव वाचत गेला. केबिनचा दिवा लागला. पंखा फिरला. तळातले पाणी उपसणारा पंप घुरघुरला, हिरवा आणि तांबडा दिवा आपापल्या बाजूला पेटले. नांगर आणि पूड यांच्यावर त्याने, कळ न दाबण्याची विनंती करून, तशीच खूण केली. शेवटी भोंगा. थोरल्याने धाकट्याकडे पाहिले. धाकट्याने हनुवटीने कळ दाखवली. भोंगा वाजला, लांब, रुंद, आणि हात काढताच थांबला. खाडीपलीकडून त्याचा प्रतिध्वनी आला, आणि मग झाली ती शांतता पहिल्यासारखी नव्हती, पण तिच्यातही कोणी बोलत नव्हते.

“वाजला,” तपासनीस म्हणाला आणि त्याने खूण केली. “वेलांटी पास.”

“काय पास?” धाकट्याने विचारले.

“मोठी गोष्ट आहे. नंतर सांगतो,” थोरला म्हणाला. नंतर हा शब्द त्याने उच्चारला आणि त्याला तो स्वतःलाच ऐकू आला.

माणसे पांगली. कप्तान आपली बोट नव्या, दुप्पट जाड दोरीने बांधत होता. धाकट्याने हात पुसले आणि चपला पायांत सरकवल्या. तेव्हा थोरल्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि पुढे धरला.

धाकट्याचा चेहरा मिटत गेला. “दादा, मी सही करणार नाही.”

“तुला करायची नाहीये. मी केलीय.”

धाकट्याने कागद उलगडला. सुवाच्य अक्षर, समास सोडलेला, वर दिनांक.

‘धाकट्याकडून मिळाले: पाच रंग. करडा, तपकिरी, हिरवा, नारंगी, निळा. तसेच बाबांची शेवटची तीन वर्षे. पोच देण्यास विलंब झाला.’ खाली थोरल्याची सही, ओळखू येण्याजोगी, पण जरा हललेली.

धाकट्याने ते वाचले. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले. मग जुन्याच घडीवर कागद दुमडला, सदऱ्याच्या खिशात ठेवला, बोटीच्या काठावर पाय देऊन धक्क्यावर उडी मारली आणि चालू लागला.

तो वीस-एक पावले गेला असेल तेव्हा थोरल्याला सुकाणूखाली ती दिसली. झाकण लावलेली, पट्टा नीट गुंडाळून वर ठेवलेली.

“अरे, पेटी राहिली!” तो ओरडला. धक्क्यावरच्या दोघातिघांनी माना वळवल्या. ज्याने वळवायला हवी होती त्याने वळवली नाही. थोरला काठाशी आला, आणि त्याच्या आवाजातून बत्तीस वर्षांची नोंदवही गळून पडल्यासारखी झाली.

“विसरलास, की ठेवलीस?”

पाणी हलत होते, बोट हलत होती, काचेवरचा वायपर आपल्या जागी निमूट पडला होता. लांब, करड्या धक्क्यावरून धाकटा एक हात खिशावर ठेवून तसाच चालत गेला.